म्हातारीचा हात

ताईनं बोटाच्या पेरानं म्हातारीचा गाल दाबून पाहिला. रंग पुरता वाळला होता, म्हणजे चित्र दोन-तीन महिन्यांपूर्वीचं. मागच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या सांदीत, जुनी चादर घालून ते उभं करून ठेवलेलं. ताई आली होती सरसाचं भांडं शोधायला.

चित्रात एका बाकावर तिघं बसली होती. एक म्हातारी, एक माणूस, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मुलगी. बस्स. पण तिघंही कशाची तरी वाट पाहत होती, आणि ताईची नजर त्यांच्यावरून निघेना. कॅनव्हास जोडाचा होता, दोन तुकडे शिवून केलेला, आणि शिवण बरोबर बाकाच्या कडेत लपवली होती. ही करामत दुसऱ्या कुणाची असणार? धाकट्या बहिणीचीच.

कॅनव्हास करावा तर धाकटीनं, असं रंगांच्या दुकानातले लोकही म्हणत. जाडं कापड चौकटीवर ताणायचं, त्याला कोमट सरस लावायचा, वाळलं की खडूचे चार थर द्यायचे आणि प्रत्येक थर पॉलिशपेपरनं घासायचा; पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. माणसं ताई काढायची. ही वाटणी ताईनंच केलेली, धाकटी सतरा वर्षांची असताना. "तुझा हात कापडाला चांगला आहे," ती म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं. उरलेलं अर्धं तिनं सांगितलं नाही, इतकंच.

आता गोम अशी, की इस्पितळाच्या नव्या इमारतीत रोग्यांचे नातेवाईक बसतात त्या दालनासाठी ताईनं चित्र कबूल केलं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई तीन आठवड्यांनी बघायला येणार होत्या, आणि ताईच्या हातून माणसं काही उतरत नव्हती. उतरत होत्या त्या बाहुल्या. दोन कॅनव्हास वाया गेले होते. हे चित्र त्या बाईंच्या नजरेला पडलं, तर ताईचं नाव संपलंच. ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. मग राग आला, आणि राग आला की तिला नेहमी बरं वाटायचं.

तिनं चित्र ओढतच पुढच्या खोलीत आणलं.

धाकटी खिडकीपाशी खडूची भुकटी चाळत बसली होती. तिच्या हातातली चाळणी थांबली. चाळिशी उलटलेली ही बाई ताईच्या तोंडाकडे अशी बघू लागली, की जणू शाळेचा निकाल लागायचाय.

ताईनं चित्र भिंतीला टेकवलं. चार पावलं मागं गेली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मुद्दामच वेळ घेतला.

"कापड छान ताणलंयस," ती म्हणाली.

"आणि चित्र?"

"हां, ते. बरं आहे की, हौस म्हणून." ताईनं चौकट उचलून तिचं वजन पाहिलं. "मला मोठा कॅनव्हास लागतोय आणि नवा करत बसायला वेळ नाही. हाच घासून दे."

धाकटीनं चाळणी खाली ठेवली.

"जोडाचा आहे, ताई."

"चालेल."

"रंग जाड लागलाय. उंचवटे राहतील."

"मग नीट घास. हे तुला मी शिकवायचं का आता?"

धाकटी उठली, तिनं नाकाला फडकं बांधलं आणि पॉलिशपेपरचा तुकडा फाडून घेतला. दोन दिवस ती घासत होती. ताई शेजारी खुर्ची टाकून बसली, हा कोपरा राहिला, तो कोपरा राहिला, असं सांगत. खरं म्हणजे ती पाठ करत होती. माणसाचे खांदे किती उतरलेत, मुलीचं तोंड किती उघडं आहे, म्हातारी नेमकी कुठं बघते आहे. तिच्या डोळ्यांत ते सगळं जात होतं आणि जमिनीवर रंगीत धूळ साचत होती. शेवटी धाकटीनं धूळ सुपलीत भरली आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. इतका सुरेख कॅनव्हास त्या घरात याआधी झाला नव्हता.

तो वाळल्यावर ताईनं बाक काढला, शिवणीवर. या खेपेला माणसं भराभर आली. धाकटी शेजारी उभी राहून रंग काढून देत होती, ब्रश धूत होती. चौथ्या दिवशी ताईला मनापासून वाटायला लागलं, की ही माणसं आपल्यालाच सुचली. आठव्या दिवशी तर ती काम करता करता गुणगुणत होती.

अडलं ते म्हातारीच्या डाव्या हातापाशी. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. हात मांडीवर ठेवला तर म्हातारी भीक मागायला बसल्यासारखी दिसे. छातीवर ठेवला की नाटकातली वाटे. मुलीच्या डोक्यावर ठेवला तर सगळं चित्रच गुळमट होई. ताईनं तो पाच वेळा काढला आणि पाच वेळा खरवडला. घासायच्या वेळी ती सगळ्यांचे चेहरे बघत बसली होती. हाताकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

दुपार उतरली. ताईनं ब्रश खाली ठेवला.

"हात कुठं होता गं तिचा?"

धाकटीनं ब्रश टर्पेंटाइनमधून काढला, फडक्यावर टिपला, त्याचे केस दोन बोटांत धरून सरळ केले.

"तुझं चित्र आहे, ताई," ती म्हणाली. "तुला हवा तिथं ठेव."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईला भांडता आलं असतं. ताई वाट बघत राहिली. धाकटीनं धुवायला पुढचा ब्रश घेतला.

ताईनं मग म्हातारीच्या खांद्यावरची शाल रंगानं आणखी वीतभर खाली ओढली आणि हात झाकून टाकला.