जितला गुलाबराव

गुलाबराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते जिवंत होते तोवर त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही आणि त्यांचं नावही कधी तोंडातून काढलं नाही. आता खुशाल काढते. मांडवखेडात पोळ्याच्या दिवशी शेंबडी पोरंसुद्धा ते नाव घेतात, मग मीच काय कोणाचं घोडं मारलंय?

माणसाला काही ना काही हाव असतेच. कोणाला पैशाची, कोणाला जेवणाची. गुलाबरावांना नावाची होती. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, ते गावचे सरपंच होते आणि जिल्हा परिषदेच्या खुर्चीवर त्यांचा डोळा होता. जेवताना घास हातात धरून ते म्हणायचे, "मानूस जाते, पन नाव राह्यलं पाह्यजे." माझ्या मोठ्या जाऊबाई, रुखमाबाई, समोर पोळी वाढत उभ्या असायच्या.  नाव राहायचं तेव्हा राहील, पण पानात वाढलेलं निवतंय हे त्यांना दिसत असे.

आमचा हा पूर्णाकाठचा भाग. जमीन काळी कसदार, पण पाणी खारं. गावात विहिरी आहेत, पण त्यांच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि आंघोळ केली की अंग चरचरतं. पिण्यासारखं पाणी एकाच विहिरीला, तिला गोडी विहीर म्हणायचे. मांडवखेड आणि खोरद या दोन गावांच्या मधे कुसळानं आणि बाभळींनी भरलेलं पडीत रान होतं, त्याच्या कडेला ती विहीर. दोन्ही गावांच्या बाया तिथे पाणी भरायच्या. खोरद माझं माहेर, त्यामुळे मला ते पाणी भरणं कधी जड वाटलं नाही. घागर भरता भरता आई भेटायची, भावजय भेटायची, माहेरी न जाताच माहेर व्हायचं.

पोळाही दोन्ही गावांचा एकच भरायचा, त्याच पडितावर. आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली सगळे बैल सजवून उभे करायचे, झडतीची गाणी म्हणायची आणि मग मानाच्या जोडीनं तोरण तोडायचं. एक साल मान मांडवखेडचा, एक साल खोरदचा. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही पडली नव्हती.

एका साली मान आमचा असताना खोरदच्या सरपंचाची, पुंजाजींची, जोडी बुजली आणि तोरणाखालून सुसाट निघून गेली. तोरण तुटलं. बैल बुजला, एवढीच गोष्ट. पुंजाजी म्हातारे, समजूतदार गृहस्थ. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि म्हणाले की पुढचं सालही तुमचंच धरा. दुसरा कोणी असता तर हसून पान खाल्लं असतं. गुलाबरावांनी मात्र फेटा झटकला आणि ते घरी आले.

त्याच आठवड्यात ते वडनेर भोलजीच्या बाजाराला गेले. तिथे सभा होती. तेव्हा बेळगावच्या सीमेचं फार गाजत होतं, कोणी बाहेरचा वक्ता आला होता आणि एक इंचही जमीन सोडणार नाही म्हणून त्यानं टेबल बडवलं होतं. त्या माणसाच्या दुःखाला काही अर्थ असेल, मी नाही म्हणत नाही. पण आमचे भासरे बाजारातून मिरच्या आणायला गेलेले, मिरच्या विसरले आणि तो इंच घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून पारावर हाच विषय. पडीत मांडवखेडचं आहे, बापजाद्यांचं आहे, रक्त सांडू पण शीव सोडणार नाही. ज्या पडिताला आयुष्यात कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, जिथे शेळीसुद्धा तोंड वाकडं करून चरायची, त्या रानावर गावातले गडी रक्त सांडायला निघाले. घरी बाभळीचा काटा रुतला तर बायकोला सुई आणायला पाठवणारे हे वीर.

महिन्याभरात दोन्हीकडची गुरं कोंडून झाली, काठ्या निघाल्या, दोन-चार डोकी फुटली. तेव्हा पुंजाजी स्वतः आमच्या घरी आले. मी माजघरात, दाराच्या फटीशी. माझ्या माहेरचा माणूस आला म्हणून मला आनंद झाला होता, पण पुढे जाऊन पाया पडायची सोय नव्हती.

पुंजाजींनी सगळं सोपं करून आणलं होतं. पडीत सगळं तुम्ही घ्या म्हणाले. तोरणाचा मानही दर सालचा तुमचाच. फक्त गोडी विहीर दोन्ही गावांची, असं चार माणसांत लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या पिढीत तंटा नको. याहून सोन्यासारखा सौदा कोणी आणला असता का? पण फुकट मिळालं तर जिंकलं कसं म्हणायचं? गुलाबरावांना गाव नको होतं, विजय हवा होता.

"दोघांचं-बिघांचं काई नाई," ते म्हणाले. "मले एक रेघ पाह्यजे. जुना नाला हे शीव. नाल्याच्या अलीकडलं आमचं, पलीकडलं तुमचं."

 जुना नाला पूर आल्यावर कधीचा दुसरीकडून वाहू लागला होता, आता नुसती कोरडी घळ उरली होती. ती घळ पडिताला वळसा घालून येते आणि गोडी विहीर त्या घळीच्या पलीकडे आहे. रोज घागर डोक्यावर घेऊन आम्ही ती घळ उतरून चढत होतो. मांडवखेडची कोणतीही सून झोपेतसुद्धा हे सांगू शकली असती. पण गुलाबरावांनी जन्मात एक तांब्या भरून आणला नव्हता. त्यांनी विहीर पाहिली होती ती पोळ्याच्या दिवशी, बैलांसोबत गाडीरस्त्यानं जाऊन, आणि त्या रस्त्यावर घळ लागत नाही. त्यांच्या लेखी विहीर पडितातच होती. आपल्या घरातलं पाणी कुठून येतं, असं कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, रांजणातून.

पुंजाजी म्हणाले, "गुलाबराव, जुनाच नाला काऊन? घरात इचारून घ्या अन् मंग सांगा."

घरात विचारा म्हटल्यावर तर संपलंच. सरपंच घरात विचारणार? त्यांनी मांडीवर हात मारून सांगितलं की जुना नाला म्हणजे जुना नाला, मोजणी तशीच होईल.

त्या रात्री रुखमाबाईंनी जेवण वाढता वाढता सांगितलं की विहीर घळीच्या पलीकडे जाते. गुलाबराव म्हणाले की बायांनी शिवेच्या गोष्टीत पडू नये. माझे यजमानही मान हलवत बसले होते. भावापुढे त्यांनी दुसरं काय केलं असतं? मी आतून म्हणाले की एकदा जाऊन तर पाहा. मग मलाच ऐकावं लागलं की खोरदची पोर खोरदचीच बाजू घेणार.  हात दाखवून अवलक्षण करून घेणारा माणूस होता, त्याला कोण अडवणार?

मलकापूरहून मोजणीचा माणूस आला. दोन्ही गावांना मान्य असलेली शीव एकच, भांडण कसलं म्हणून तोही बुचकळ्यात पडला.  साखळी घळीच्या काठानं सरकत गेली, दगड रोवत गेले, आणि विहिरीजवळ आल्यावर मांडवखेडच्या सगळ्या गड्यांना दिसलं. विहीर पलीकडे. माझे यजमान घरी येऊन सांगत होते की त्या क्षणी सगळ्यांनी गुलाबरावांकडे पाहिलं.  त्यांना तेव्हाच म्हणता आलं असतं की चुकलं, थांबा. म्हणायला एक शब्द लागला असता. त्यांनी फेटा सारखा केला आणि पुढचा दगड रोवायला सांगितला.

मग वाजतगाजत मिरवणूक निघाली. चाळीस एकर पडीत मांडवखेडचं झालं होतं. विहिरीसमोरच्या शिवेवर गुलाबरावांनी पुरुषभर उंचीचा दगड उभा केला, त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं, त्याला चुना फासला. नाव राहण्याची सोय झाली.

पुंजाजींनी पाणी बंद केलं नाही. पण त्यांच्याही गावात डोकी फुटली होती, आणि फुटलेल्या डोक्यांची पोरं ऐकत नव्हती. खोरदच्या बायांचं भरून झाल्यावर मांडवखेडच्या बायांनी भरावं, असा कायदा झाला. खोरदच्या बायांचं होईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. तोवर आम्ही शिवेच्या अलीकडे थांबायचो. घळीच्या काठावर एकही झाड नव्हतं, म्हणून त्या नावाच्या दगडाच्या सावलीत आळीपाळीनं बसायचो. समोर माझी आई पाणी भरायची आणि मी तिच्याकडे परक्यासारखी पाहायची. ती एकदा घागर घेऊन शिवेपर्यंत आली, तर पोरांनी तिला हटकलं. ती परत फिरली. त्या दिवशी मला गुलाबरावांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही.

पुढचा पोळा आला. आता सगळाच मान आमचा. गुलाबरावांना तो दिवस असा व्हायला हवा होता की जिल्ह्यात बोलबाला व्हावा. त्यांनी फकीर मोहम्मदला बोलावून घेतलं. फकीर मोहम्मद आमच्या गावचा पिंजारी, गाद्या भरायचा. पण झडत्या जोडण्यात त्याचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नसे. झडती म्हणजे तोरणाखाली उभं राहून खणखणीत आवाजात म्हणायचं गाणं. त्यात कोणाची स्तुती, कोणाची टर, आणि पोळ्याच्या दिवशी झडतीचा राग धरायचा नाही, उत्तर द्यायचं तर झडतीनंच द्यायचं, ही रीत. गुलाबरावांनी त्याला नवं धोतर दिलं आणि सांगितलं की शिवेवर अशी झडती जोड की माझं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहील.

फकीर मोहम्मदनं धोतर घेतलं आणि विचारलं की झडती खरी जोडू की खोटी. गुलाबराव हसून म्हणाले, खरीच जोड, खोटं सांगायची आम्हाला काय गरज? फकीर मोहम्मदची बायको खुर्शीदा रोज माझ्या शेजारी त्या दगडाच्या सावलीत बसायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असेल, तो तर बायांचा विषय.

पडितावर बैल उभे राहिले. शिंगांना रंग, पाठीवर झुली. गुलाबराव आपल्या जोडीपुढे फेटा बांधून उभे. पलीकडे शिवेवर खोरदची माणसं नुसती पाहायला आली होती. आम्ही बाया लांब बाभळीखाली. फकीर मोहम्मद नवं धोतर नेसून पुढे आला आणि त्यानं हात वर केला.

"काठी रे काठी, बोरीची काठी,
गुलाबराव भांडला कुसळासाठी.
कुसळ आलं दारी, पानी गेलं पार,
जितला गुलाबराव, गावाची हार.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!"

गडी एकमेकांकडे पाहू लागले. पण महादेवाचं नाव घेतल्यावर गप्प राहता येत नाही, ही तर लहानपणापासूनची सवय. आधी बाभळीखालून आम्ही म्हटलं, मग गड्यांनी म्हटलं, मग शिवेपलीकडून सगळ्या खोरदनं म्हटलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गुलाबरावांचेही ओठ हलले. स्वतःच्या झडतीला त्यांनी स्वतः हर हर महादेव म्हटलं. मग त्यांच्या जोडीनं तोरण तोडलं.

पोळ्यानंतर पुंजाजींनी पुन्हा निरोप धाडला. दगड तेवढा विहिरीपुढून काढा, विहीर दोघांची करू, सारं विसरू. रुखमाबाईंनी पाया पडून विनवलं. गुलाबराव म्हणाले, "दगड हलवला तं माह्यं नाव काय राह्यलं?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. झडती तर दर पोळ्याला व्हायला लागली होती, पोरं ती गुरं वळतानाही म्हणायची. शाळेच्या खोल्या त्यांनीच बांधून घेतल्या होत्या, वडनेरचा रस्ताही त्यांनीच आणला. ते कोणाच्या लक्षात नाही. जिल्हा परिषदेची खुर्ची तर दूरच राहिली. बाकी उरलेली वर्षं त्यांनी त्या दगडाला दरसाल चुना फासण्यात घालवली.

ते गेले ते उन्हाळ्यात. घरातले रांजण कोरडे होते आणि खाऱ्या पाण्यानं शेवटची आंघोळ घालायला कोणाचं मन घेईना. मी घागर घेऊन निघाले. विहिरीवर पुंजाजी होते, पार थकलेले, काठी टेकत आलेले. बातमी त्यांना कळली होती. त्यांनी पोरांना बाजूला सारलं आणि स्वतः दोर ओढायला लागले. त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी मला दगडाशी थांबावं लागलं नाही.

अंगणात पाटावर गुलाबराव ठेवले होते. मी घागर रुखमाबाईंजवळ ठेवली. त्यांनी तांब्या बुडवला, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोक्यावर पहिली धार सोडली.

"घ्या," त्या म्हणाल्या, "खोरदचं हाय."