घुंगरू कोणी खाल्ले?

"सदू, ह्यो माझा गळा नाय," केरूबुवा कानावरचे हेडफोन काढत म्हणाले. "सुरीवर सुरी घासल्यागत वाजतोय. नि घुंगरू तर दातात कळ काढतायत बग!"

गणपती आठवड्यावर आले होते. केरूबुवांच्या जाखडी नाचाच्या मंडळाच्या तीनशे सीड्या त्याआधी निघायला हव्या होत्या. मुंबईचे चाकरमानी गणपतीत गावी येतात, नाच बघतात आणि जाताना सीडी पिशवीत घालून नेतात. त्यानंतर त्या सीडीला काळं कुत्रंही विचारत नाही.

"प्लगइनची भानगड आहे बुवा. उद्यापर्यंत बघतो," सदू म्हणाला. महिन्यातली ही तिसरी तक्रार होती. आधी एका भजनी मंडळाने झांजा टोचतात म्हणून सीडी परत आणली होती. मग मालगुंडच्या एका मास्तरांची बासरी शिट्टीसारखी वाजली. आता बुवाही फिरले, तर स्टुडिओला कुलूपच लावायचं.

स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर मेहुण्याने मुंबईहून धाडलेला कॉम्प्युटर. त्याआधी पंचवीस वर्षं सदूने लग्नांत, जत्रांत लाउडस्पीकर लावले होते. कर्ण्याच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसायचा, कोणी वायर ओढू नये म्हणून. दोन हजार दोन साली कॉम्प्युटर आला आणि सदूची वायर राखायची कटकट गेली, प्लगइनची आली. मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे हे तुकडे. एक आवाजाला घुमारा देतो, एक खरखर काढतो, एक आवाजातला बारीक सूर वाढवतो. सदूने त्यांची नावं देवांच्या नावांसारखी पाठ केली होती आणि त्यांना भ्यायचाही तसाच.

बुवा गेल्यावर त्याने एकेक प्लगइन बंद करून बघितलं. घुमारा काढला. खरखर काढणारा काढला. वायर बदलली. शेवटी सगळेच बंद करून नुसतं मूळ रेकॉर्डिंग लावलं. बुवांचा गळा आला, ढोलकी आली. घुंगरू मात्र नाहीत. आठ नाचे पायात चाळ बांधून याच खोलीत नाचले होते, त्याने डोळ्यांनी बघितले होते. मग घुंगरू खाल्ले कोणी? मूळ रेकॉर्डिंगच खराब असेल, तर आता आठवड्यात मंडळ पुन्हा गोळा कुठून करणार?

त्याची बायको विमला चहा घेऊन आली.

"काय गो, ऐक जरा. ह्यात घुंगरू नाय ना?"

तिने हेडफोन पदरावरूनच चढवले. "हायत की. चांगले छुमछुम वाजतायत."

सदूने हेडफोन ओढून घेतले. ढोलकी आणि बुवा. बाकी काही नाही.

त्याच्याकडे एकच सपाट सूर काढणारं एक प्लगइन होतं. ते त्याने स्पीकरवर लावलं. "हात वर धर. सूर थांबला की खाली कर," तो म्हणाला आणि सूर चढवत गेला. चार हजार हर्ट्झपुढे सूर एकदम गेला.

"बंद पडलं बग हे पण!" सदू वैतागला. विमलाचा हात वरच होता. त्याला वाटलं, हिला समजलं नाही. त्याने आवाज मोठा केला, सूर सहा हजारावर नेला, मग आठ. खोली चिडीचूप होती. विमलाने दुसऱ्या हाताने कान दाबून धरला.

"अवो, आवाज कमी करा! डोस्कं उठलं माजं!"

सदूने बटण दाबलं. तिचा हात खाली आला.

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून महिनाभर आपण बारीक सूर वाढवत होतो, आणि लोकांच्या कानांना भोकं पाडत होतो. त्याला भीती वाटली, लहान पोराला वाटते तशी. आवाजाचं काम सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"चहा गार झाला," विमला म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "कुठलं बटण फिरवायचं ते दाखवा."

सदूने दाखवलं. ती थोडं थोडं फिरवत गेली. "हे जास्ती. हे भांड्यावाणी. थांबा... हां, आता बुवा बोलले." सदू पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या कपाळावरची आठी कधी जाते ते बघत होता. आठी गेली की आकडा वहीत लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी बुवांनी पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकलं. "आता झालं बग! काय बिगडलं होतं रे?"

प्लगइन म्हटलं असतं तर बुवांना पटलं असतं. विमला दारात उभी होती, तीही गप्प राहिली असती.

"माझे कान गेलेत, बुवा," सदू म्हणाला. "हे हिनं केलंय. पुढंही हीच करील."

बुवा उठले. मग त्याच्या कानाशी वाकून ओरडले, "पुडच्या वर्साला पन हितंच येनार हा आमी!"

"ओरडू नका, बुवा. तुमचा आवाज येतो मला."

बुवांनी मान डोलावली. पायऱ्या उतरताना ते वळले आणि तोंडाने काही न बोलता हातानेच 'येतो' अशी खूण केली. सदूनेही हात वर करून 'या' म्हटलं.