वक्त्यांना थांबवणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे. देवळातल्या घंटीपुढे लोक हात जोडतात, माझ्याकडे बघून लोकांचा घसा कोरडा पडतो. मी टेबलावर बसते. उपड्या वाटीएवढी आहे, डोक्यावर एक बटण आहे, ते दाबलं की 'टिंग' म्हणते. मला हा एकच शब्द येतो. पण त्या एका शब्दावर मी भलेभले गप्प केले आहेत.

माझा जन्म घाटकोपरच्या एका गाळ्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबून मला गोल केलं, पोटात स्प्रिंग आणि चिमुकली हातोडी बसवली. तिथून मी मुलुंडच्या एका कॉलेजात, थेट प्राचार्यांच्या टेबलावर आले. मला दाबलं की शिपाई यायचा. पुढे प्राचार्य त्याला मोबाइलवरून बोलवू लागले. तो येईनासा झाला आणि मी कपाटात गेले.

तिथून मला वक्तृत्व स्पर्धेने बाहेर काढलं. एक टिंग म्हणजे आवरा, दोन टिंग म्हणजे बसा. देशातली गरिबी हटवायला निघालेली कितीतरी मुलं मी अर्ध्या वाटेवर खाली बसवली. परीक्षकांनी माझं कौतुक केलं. मुलांचं मत छापण्यासारखं नाही.

यंदा आमच्याकडे युवा नेतृत्व परिषद भरली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळीकडच्या कॉलेजांतली मुलं येणार होती. मला चिंच लावून घासलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण मोठं आहे. माझी स्प्रिंग सकाळपासून नुसती थरथरत होती.

वेळ सांभाळायचं काम दुसऱ्या वर्षाच्या श्रुतिका घाडीला मिळालं. हे काम कुणालाच नको असतं, कारण फोटोत मी येते, माझ्यामागचं माणूस येत नाही. श्रुतिकाची तक्रार नव्हती.

"नेतृत्व तू कर," ती शेजारी बसलेल्या दीप्तीला म्हणाली. "मला सर्टिफिकेट आणि पुलाव."

दीप्ती मोहिते तिची मैत्रीण. विद्यार्थी सत्रात दीप्तीचं भाषण होतं आणि तिला पुलाव सुचत नव्हता. घाटकोपरला तिच्या घरी एका खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. टीव्ही सगळ्यांत मोठ्याने बोलतो. अभ्यास करायचा तो कॉलेजच्या वाचनालयात, आणि ते संध्याकाळी पाचला बंद. ते नऊपर्यंत उघडं ठेवा, एवढंच तिला मागायचं होतं. पण हा निर्णय फक्त संस्थेचे अध्यक्ष सीतारामभाऊ परब घेऊ शकत होते. सीतारामभाऊ कॉलेजात वर्षातून एकदाच येतात. आज ते पहिल्या रांगेत होते आणि जेवणाआधी निघणार होते.

विद्यार्थी सत्र जेवणाआधीच होतं. त्याच्या आधी मुख्य पाहुणे.

"पाहुण्यांसाठी घंटी वाजवायची नसते हं," परिषदेच्या प्रमुख वनमाला मॅडम श्रुतिकाला म्हणाल्या. "त्यांना चिठ्ठी पाठवतात."

"आणि चिठ्ठी वाचूनही थांबले नाहीत तर?"

"तर दुसरी चिठ्ठी."

पाहुणे होते मधुकरराव देसले, एका बड्या कंपनीचे मोठे साहेब. विषय होता 'ऐकणारा नेता'. मित्रांनो, खरं सांगते, ते सुंदर बोलले. मुलं भराभर लिहून घेत होती. "ज्या साहेबाला थांबवायची कुणाची हिंमत होत नाही, त्याची कंपनी बुडते," असं ते म्हणाले, तेव्हा श्रुतिकाने मान वर केली. पुलावासाठी आलेल्या मुलीने पहिल्यांदाच मान वर केली होती. मला फार आनंद झाला.

मग त्यांची वेळ संपली. मधुकरराव संपले नाहीत.

पहिली चिठ्ठी गेली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुढचा मुद्दा घेतला. दुसरी गेली. ती वाचून ते म्हणाले, "हा फार चांगला प्रश्न आलाय. त्याकडे मी येतोच." सीतारामभाऊंनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या ड्रायव्हरने दारातून डोकावून पाहिलं.

"विद्यार्थी सत्र बहुतेक वेळेअभावी रद्द करावं लागेल," वनमाला मॅडम कुजबुजल्या.

"श्रुती, दाब ना," दीप्ती म्हणाली.

"अगं, मॅडम बघतायत."

"बघू देत. तुझं सर्टिफिकेट जाईल, माझं वर्ष जाईल."

श्रुतिकाचं बोट माझ्यावर आलं. मॅडमनी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. बोट तिथेच राहिलं. मग तिने मला दाबलं. मी सगळा जीव एकवटून वाजले.

मधुकरराव थांबले. "कुणाचा तरी फोन वाजतोय."

श्रुतिका उभी राहिली. "फोन नाही सर, घंटी आहे. तुमची वेळ संपली."

पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझे अजून दोन मुद्दे आहेत," मधुकरराव म्हणाले.

"आमचे अजून पाच विद्यार्थी आहेत, सर. आणि थांबवायची हिंमत झाली नाही तर कंपनी बुडते, हे तुम्हीच सांगितलंत. मी लिहून घेतलंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे ऐकत होतीस तू," ते म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या त्यांच्या भाषणाला मिळाल्या की खाली बसण्याला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पहिलं नाव दीप्तीचं होतं. ती घरातला टीव्ही सांगू लागली, जिन्यात बसून पाठ केलेले धडे सांगू लागली. सीतारामभाऊ पुढे झुकून ऐकत होते. मुद्द्याची मागणी तिने शेवटी ठेवली होती, आणि तिथे पोहोचण्याआधीच तिची वेळ संपली.

श्रुतिकाचं बोट पुन्हा माझ्यावर आलं. मधुकरराव तिच्याकडे बघत होते, अख्खं सभागृह बघत होतं.

तिने मला दोनदा दाबलं.

दीप्ती वाक्याच्या मध्येच थांबली. तिने मैत्रिणीकडे एकदा पाहिलं आणि कागद मिटला.

"अगं, पण तुला हवंय काय?" सीतारामभाऊंनी विचारलं.

"वेळ संपली, सर."

"तुझी संपली. आता मी विचारतोय."

"वाचनालय. रात्री नऊपर्यंत."

सीतारामभाऊ प्राचार्यांकडे वळले. "काय अडचण आहे?" प्राचार्यांनी अडचण आठवून पाहिली. ऐनवेळी एकही आठवली नाही.

"मग सोमवारपासून," सीतारामभाऊ म्हणाले.

"तरी दोनदा दाबलीस," जेवताना दीप्ती म्हणाली.

"तिसऱ्यांदा दाबणार होते. खूप बोलतेस तू," श्रुतिका म्हणाली आणि स्वतःचा गुलाबजाम तिच्या ताटात टाकला.

सर्टिफिकेट दोघींना मिळालं. सोबत एक फोल्डर आणि एक न उठणारं पेन. पण बोरिवलीच्या मुलांनी दीप्तीचं भाषण मागून घेतलं, आता ती मुलं आपल्या कॉलेजात तेच मागणार आहेत. तेव्हा मित्रांनो, अशी परिषद भरली तर जरूर जा. पुलावासाठी गेलात तरी चालेल. बाकीचं तिथे गेल्यावर सुचतं.

मी सध्या वाचनालयाच्या काउंटरवर असते. नऊ वाजता मला वाजवतात आणि "पाच मिनिटं ना यार" म्हणत मुलं पुस्तकं मिटतात. त्यांत दीप्तीचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. तुमच्याही कॉलेजच्या कपाटात माझी एखादी बहीण पडली असेल. तिला पुसा, स्प्रिंगला तेलाचा थेंब द्या, आणि पाहुणे यायच्या आधी एकदा दाबून बघा, वाजते ना.