चौदा पावले पूर्वेला

मी एक जुना हापसा आहे. लोखंडाचा, हिरव्या रंगाचा; म्हणजे रंग होता तेव्हा हिरवा. अमेरिकेच्या दक्षिण डकोटातल्या एका टाउनशिपच्या, म्हणजे शेतवस्त्यांच्या पट्ट्याच्या, दफनभूमीत, मक्याच्या शेतांमधल्या टेकाडावर मी उभा आहे. दफनभूमीत हापशाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, मेलेल्यांना तहान लागत नाही, पण त्यांच्यासाठी आणलेल्या फुलांना लागते.

इलिनॉयमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात १९०९ साली माझा जन्म झाला. ज्याने मला ओतले त्याने दांडा दोनदा खालीवर करून पाहिला आणि म्हणाला, "हा माणसांपेक्षा जास्त टिकणार." तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती.

इथे मला नेल्स ओसेनने बसवले. नेल्स या दफनभूमीचा राखणदार. खड्डे तोच खणायचा, गवत तोच कापायचा आणि कोण कुठे पुरले आहे ते एका काळ्या वहीत तोच लिहायचा. नॉर्वेहून आलेल्या त्या पहिल्या माणसांकडे कबरीवरचा दगड घडवून घ्यायला पैसे नसत. लाकडी क्रूस लावत, आणि गवताला वणवा लागला की क्रूसही जात. म्हणून नेल्सने आपली एक रीत काढली. माझ्या पायाला टाच लावून तो उभा राही आणि नव्या खड्ड्यापर्यंत पावले मोजत जाई. मग वहीत लिही, हापशापासून इतकी पावले पूर्वेला, इतकी दक्षिणेला. सगळी दफनभूमी माझ्यापासून मोजली जात होती. त्या दिवसांत माझा थाट काही वेगळाच होता, हे मी लपवत नाही.

१९३४ सालचा एक दिवस मला स्पष्ट आठवतो. धुळीची वादळे चालली होती आणि माणसे टोप्या हातात घट्ट धरून उभी होती. सिग्ने ट्वेट नावाच्या तरुण बाईला त्या दिवशी पुरले. नवरा होता, तीन वर्षांची मुलगी होती. नेल्सने मोजले: चौदा पावले पूर्वेला, तीन दक्षिणेला. दगड पुढच्या वर्षी लावू, असे नवरा म्हणाला. पण आठवड्याभरात तो मुलीला घेऊन पश्चिमेकडे सफरचंदांच्या बागांत कामाला निघून गेला, तो परत आलाच नाही.

१९५१च्या उन्हाळ्यात माझी विहीर आटली. नेल्स त्याआधीच्या हिवाळ्यात गेला होता. टाउनशिपच्या चार माणसांनी मला उपटले आणि वीस पावले उत्तरेला, नव्या विहिरीवर नेऊन बसवले. "पाणी लागलं ना? मग झालं," एक जण म्हणाला आणि सगळे जेवायला घरी गेले. ती वही कुणाला आठवली नाही. खरे सांगायचे तर मलाही आठवली नाही. पोटात पुन्हा थंड पाणी आले, याचाच मला आनंद होता.

पुढे शेते मोठी होत गेली आणि घरे कमी. चर्चला कुलूप लागले. मे महिन्यात, मृतांच्या स्मरणदिनी, फुलांचे डबे भरायला माझ्यापाशी रांग लागायची, ती पाच माणसांवर आली, मग दोघांवर. मधे एकदा शहरातल्या महिला मंडळाच्या बायका येऊन उभ्या दगडांवरची नावे उतरवून गेल्या. यादी छान झाली म्हणे. ज्यांना दगड नव्हता ते यादीतही आले नाहीत. नंतर महिनेच्या महिने कुणी फिरकत नसे. मित्रांनो, गंज पाण्याने चढतो असे सांगतात. मला तर वाटते, दांड्याला कुणाचा हात लागला नाही की तो चढतो.

मग २०१२च्या जूनमध्ये एक गाडी आली. तिच्यातून ऐंशी पार केलेली एक बाई उतरली. तिची मुलगी जोलीन हिने तीन दिवस गाडी चालवून तिला आणले होते. त्या म्हाताऱ्या बाईचे नाव आर्डिस. तीच ती सिग्नेची तीन वर्षांची मुलगी. गवत कापणारा मर्लिन ब्रेक्के फाटकाशी त्यांची वाट पाहत होता.

"दहाला येणार होता ना? बारा वाजले," मर्लिन म्हणाला.

"हिला विचारा," आर्डिस म्हणाली. "आजीकडे नेते म्हणाली आणि डुकरं पाळणाऱ्याच्या दारात उभं केलं मला."

"आई, कागदावर तेरा नंबरचा तुकडा लिहिलाय. मी नकाशावर मोजून तेराच काढला."

मर्लिन हसला. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन, आणि त्यात छत्तीस तुकडे. पण त्यांचे आकडे पुस्तकातल्या ओळींसारखे लावलेले नाहीत. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुन्हा उलटी. शेतकरी नांगर वळवतो तसे. जोलीनने सगळे डावीकडून मोजले आणि ती टाउनशिपच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली.

आर्डिसला मात्र अशा चुकांची सवय झाली होती. तिच्या आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर फक्त टाउनशिपचे नाव होते. टाउनशिपमध्ये तीन दफनभूमी, नकाशावर एकीचेही नाव नाही, आणि इथले लोक हिला नुसते 'वरची' म्हणतात. अकरा वर्षे तिने पत्रे लिहिली. शेवटी टाउनशिपच्या कारकुनाने आपल्या माळ्यावरून नेल्सची काळी वही शोधून काढली आणि त्या पानाची नक्कल, वर तुकड्याचा नंबर लिहून, तिला पाठवली. तो कागद घडी पडून पडून मऊ झाला होता.

"चौदा पूर्वेला, तीन दक्षिणेला," तिने वाचले. मग ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने माझ्या पायाला टाच लावली.

मित्रांनो, एकसष्ट वर्षांत तसे कुणी केले नव्हते. त्या क्षणी मला कळले की काय होणार आहे: वही माझ्या जुन्या जागेपासून मोजत होती, आणि मी वीस पावले उत्तरेला होतो.

ती मोजत गेली आणि मोकळ्या गवतात थांबली. तिथे कुणीच नव्हते. ती जागा पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवलेली होती आणि त्या पिढ्या आल्याच नाहीत.

मर्लिनने टोपी मागे सरकवली. "बाई, तिकडे खालच्या ओळीत एक खळगा आहे. गवत कापताना यंत्राचं चाक दरवेळी खाली जातं. जुनी कबर खचली की तसं होतं."

"पण वहीत हे लिहिलंय," आर्डिस म्हणाली. "मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मर्लिन. लिहिलेलं ते लिहिलेलं."

"बरं," मर्लिन म्हणाला.

आमच्याकडची माणसे अशीच. एक गोष्ट एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगणे म्हणजे समोरच्याला मूर्ख ठरवणे, अशी त्यांची समजूत. त्याने निमूटपणे फावडे घेतले आणि आर्डिसने आणलेली ग्रॅनाइटची छोटी पाटी तिथे बसवून दिली. जोलीनने माझा दांडा मारून डबा भरला. मी करकरलो, जितके करकरता येईल तितके करकरलो. "याला तेल हवंय," ती म्हणाली.

आर्डिस त्या रिकाम्या जमिनीशी दुपारभर बोलत बसली. तिची आई तिच्यापासून वीस पावलांवर होती. इतके एकटे मला आयुष्यात कधी वाटले नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस नव्हता, जमीन भेगाळली. गवत कापताना मर्लिनच्या यंत्राचे पाते खण्णकन वाजले. त्याने फावड्याने माती बाजूला केली, तर सिमेंटचा जुना कट्टा निघाला, त्यात चार गंजलेले बोल्ट. तो माझ्यापाशी आला, गुडघ्यावर बसून माझ्या पायाचे चार बोल्ट पाहिले आणि बोटांनी अंतर मापले. परत जाऊन त्याने कट्ट्याला टाच लावली. चौदा पूर्वेला, तीन दक्षिणेला. तो खळग्यात उभा होता.

मग त्याने फोन लावला.

"आर्डिसबाई, मर्लिन बोलतोय. गवतवाला. तुमची आई तिथं नाहीये. मी त्या दिवशी सांगितलं आणि गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं... नाही, वही बरोबर आहे. हापसा हलवलाय कुणीतरी... हो, मी तिच्यापाशीच उभा आहे."

पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. "नाही बाई, एकटी नाहीये," मर्लिन म्हणाला. "शेजारी हाउगेनांची आजी आहे. पायाशी लहान मुलांची ओळ आहे." मग पुन्हा खूप वेळ तो ऐकत राहिला. "डॉक्टर नाही म्हणत असतील तर प्रवास कशाला करता? थांबा. आता बोला."

आणि त्याने फोनचा आवाज मोठा केला, खाली वाकून फोन त्या खळग्यात गवतावर ठेवला आणि माझ्याकडे चालत आला. तिकडे पाठ करून, माझा दांडा धरून तो उभा राहिला. एका म्हाताऱ्या बाईचा बारीक आवाज गवतातून येत होता. ती नॉर्वेजियनमध्ये बोलत होती, तीन वर्षांच्या मुलाला येतील तेवढ्याच शब्दांत.

मित्रांनो, तुम्ही वस्तू जरूर हलवा, पण ती कुठून हलवली ते लिहून ठेवा. आणि कुणी आपल्या माणसाला शोधत तुमच्या दारी आले, तर तुम्हाला माहीत आहे ते सांगा. ऐकले नाही तर पुन्हा सांगा. तुम्हाला बोलता येते.