ढोल थांबला तो डाव

हामाझाकी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला आता लोक मानानं वागवतात. आमच्या किनाऱ्यावरच्या सहा विद्यापीठांच्या लीगमध्ये पाच वेळा विजेतेपद, दोनदा तोक्योला राष्ट्रीय स्पर्धेत, त्यात एकदा थेट उपांत्य फेरीत. तीन मुलं पुढे व्यावसायिक संघांत गेली. त्यातल्या एकानं सही केलेला चेंडू स्टेशनसमोरच्या नूडलच्या दुकानात काचेखाली ठेवलाय, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला आधी चेंडू दाखवतो, मग वाडगा देतो. हल्लीची मुलं हे सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांना वाटतं, संघ असाच जन्माला आला. मी वीस वर्षांची होते तेव्हा हा संघ म्हणजे सगळ्या किनाऱ्याचा विनोद होता.

युद्ध संपून चार वर्षं झाली होती तेव्हा कुरोबाने नावाच्या सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, तो काढला. ते भूमिती शिकवायचे. मैदान म्हणजे मुळात रताळ्यांचं शेत. पहिली दोन वर्षं दुसऱ्या बेसच्या आसपास वेल उगवत राहिले आणि सरावानंतर मुलं तीच रताळी भाजून खायची. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला बसणाऱ्याच्या, मागची जाळी कोळ्यांनी टाकून दिलेली. दमट दिवशी तिला सार्डिनचा असा वास सुटायचा की पाहुण्या संघाचे फलंदाज नाक मुरडत उभे राहायचे. पहिले गणवेश पॅराशूटच्या कापडाचे, आणि वारा आला की ते फुगायचे. एवढं करून संघ हरायचा. वर्षाला दोन हंगाम, वसंतात एक आणि शरदात एक; पस्तीस हंगामांत एकोणतीस वेळा तळाला. कोळ्यांची होडी रिकामी परतली की बंदरावर म्हणायचे, "आज हामाझाकी झालं!"

सेन्सेई मात्र दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगायचे, "यंदा विजेतेपद." अगदी शांतपणे, प्रमेय सांगावं तसं. मुलं हसू दाबायची.

हे एकोणीसशे सहासष्टच्या शरदातलं, इतकं जुनं की एरवी मी विसरलेही असते, पण त्यातला चेंडू न् चेंडू माझ्याकडे लिहिलेला आहे. कारण धावपुस्तक माझ्याकडे होतं. आधीचा लिहिणारा मुलगा मनगट मोडून बसला, आणि सेन्सेईंनी माझी भूमितीची वही उघडून वर्गातच विचारलं, "फुसाए, इतकं बारीक अक्षर काढतेस, डोळे शाबूत आहेत ना?"

"आहेत, सेन्सेई."

"मग रविवारी मैदानावर ये."

मुलींनी खेळाडूंच्या बाकावर बसायचं नाही असा तेव्हा आमच्या लीगचा नियम होता. म्हणून मी प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, जाळीपाशी बसायची. सेन्सेई मला चालता चालता नियम शिकवायचे. एक त्यांच्या विशेष आवडीचा. नऊ फलंदाजांचा क्रम आधी लिहून द्यायचा आणि त्याच क्रमानं यायचं. भलताच आला तर ज्याची पाळी होती तो बाद, आणि भलत्यानं मिळवलेल्या धावा रद्द. पण पंच आपणहून तोंड उघडणार नाही. तक्रार समोरच्या संघानं करायची, तीही पुढचा चेंडू पडायच्या आत.

"आणि चेंडू पडला तर?" मी विचारलं.

"तर चूक पवित्र झाली," सेन्सेई म्हणाले. "लग्नासारखं."

माझ्या समोर, जाळीच्या अलीकडे, गोसाकू उभा असायचा. तो आमच्या जल्लोष पथकाचा म्होरक्या. गुडघ्यापर्यंत काळा कोट, पांढरे हातमोजे, आणि पाठ मैदानाकडे. आमच्या विद्यापीठाचा रिवाजच तसा. म्होरक्यानं नऊ डाव प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं, एकदाही वळायचं नाही. वळला तर त्याचा आपल्या संघावर विश्वास नाही असं ठरायचं. चार वर्षांत गोसाकूनं हामाझाकीचा एक चेंडू पाहिला नव्हता. त्याला सामना कळायचा तो आमच्या तोंडांवरून, आणि सर्वांत जवळचं तोंड माझं.

"फुसाए, काय झालं?"

"काही नाही. शून्य."

"आपलं की त्यांचं?"

"त्यांचं."

"मग एवढं तोंड पाडून काय बसलीस? मी उगाच ढोल वाढवायला सांगितला!"

"अहो, पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून."

दुसरा रिवाज ढोलाचा. समोरच्यांनी आपल्यावर धावा केल्या की आपला ढोल सुरू करायचा, आणि त्यांचा पुढचा गडी बाद होईपर्यंत थांबवायचा नाही. मुलांनी खचू नये म्हणून. आता तुम्हीच हिशेब करा, तळाच्या संघाचा ढोल किती वाजत असेल. शेजारच्या गल्लीतली बाळं त्याच्यावर झोपायला शिकली होती.

त्या शरदात काहीतरी अघटित घडलं. डोंगरातल्या एका खेड्यातून आलेला हाचिया नावाचा डावखुरा पिचर होता. लहानपणी कावळ्यांना दगड मारून हात तयार झालेला. त्यानं चेंडू टाकायचा आणि समोरच्यानं हवेत बॅट फिरवायची, असं सुरू झालं. आम्ही जिंकलो. पुन्हा जिंकलो. बंदरावर "हामाझाकी झालं" म्हणेनासे झाले. शेवटच्या रविवारी आम्ही आणि तोगावा विद्यापीठ बरोबरीवर. जो जिंकेल तो विजेता.

आणि सेन्सेईंचा तो शेवटचा सामना. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. अठरा वर्षं "यंदा विजेतेपद" म्हणणाऱ्या माणसाला पुढचं "यंदा" नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना ते वाक्य सांगितलंच नाही. नुसते चष्मा पुसत बसले.

अख्खं गाव लोटलं होतं. फाटकाबाहेर स्क्विड भाजत होते, आत बायका भाताच्या गोळ्यांचे डबे फिरवत होत्या. सातव्या डावात भोंग्याचा घसा बसला. नुसती खरखर. कोण आला, कोण गेला, काही ऐकू येईना. आठव्या डावात तोगावानं एकदम दोन माणसं बदलली, तर मी पुस्तक काखोटीला मारून अधिकृत नोंद ठेवणाऱ्यांच्या खिडकीशी धावले आणि विचारून आले. मियोशी पाचव्या जागी, ओनुमा आठव्या जागी. लिहिलं.

"खिडकीशी कोण भेटलं?" गोसाकू.

"क्रम विचारायला गेले होते."

"क्रम! लोक जीव मुठीत धरून बसलेत आणि ही क्रम विचारतेय."

"तुम्ही ओरडा हो. मी लिहिते."

नववा डाव. आम्ही तीन, तोगावा दोन. त्यांचे दोन बाद, दोन माणसं बेसवर. तिसरा बाद झाला की सामना संपला. सेन्सेई बाकाच्या कडेला आले होते. बाकावरच्या छपराखालून त्यांचे जोडे तेवढे मला दिसत होते. ते जोडे हलत नव्हते.

हाचियानं चेंडू टाकला आणि फटका बसला. चेंडू पहिल्या बेसच्या अंगावरून गेला, उजव्या कोपऱ्यात घरंगळला. एक धाव. दुसरी धाव. चार–तीन. तोगावाच्या बाजूला टोप्या उडाल्या.

गोसाकूला विचारायची गरज पडली नाही. माझ्यामागच्या हजार तोंडांवर त्यानं ते वाचलं. त्याचा हात वर गेला, आणि आमचा ढोल सुरू झाला. धडाड धडाड, छाती फुटेल असा.

मी धाव लिहायला पाचव्या जागेची ओळ शोधली. तिथे मियोशी. मियोशीचा क्रमांक बावीस. आणि पहिल्या बेसवर हात उंचावून नाचत होता तो चौदा. ओनुमा. आठव्या जागेचा.

मी खिडकीवरचं ते सगळं पुन्हा आठवलं. पुन्हा पाहिलं. चौदा.

पंच गप्प उभा. समोर तोगावाचा सहावा फलंदाज बॅटनं बुटांची माती झटकत यायला लागला होता. हाचियानं हातावर पावडर घेतली. हा एक चेंडू पडला की चूक पवित्र.

"सेन्सेई!" मी किंचाळले. माझं मलाच ऐकू आलं नाही. ढोल, पिपाण्या, हजार माणसं. जाळीला हात घातले, छपरावर पुस्तक आपटलं. ते जोडे तिथेच.

मी गोसाकूच्या कोटाची बाही धरली. "ढोल थांबवा!"

"काय?"

"ढोल! थांबवा!"

"डोकं फिरलं का? गडी बाद झाल्याशिवाय ढोल थांबत नाही. अठरा वर्षांत थांबला नाही!"

"चुकीचा माणूस खेळला! क्रम चुकलाय त्यांचा! सेन्सेईंना ऐकू जायला हवं, आत्ता, पुढच्या चेंडूआधी!"

"नक्की?"

"वळून बघा ना! चौदा नंबर!"

त्याची मान हलली. खरंच हलली, मी पाहिली. मग पुन्हा सरळ झाली. "मी वळणार नाही," तो म्हणाला. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"चुकलीस तर मला या गावात राहता येणार नाही."

"मलाही नाही."

त्यानं दोन्ही पांढरे हात वर नेले आणि मुठी मिटल्या. ढोल थांबला. पिपाण्या एकेक करून विझल्या. हजार माणसं गप्प झाली, कारण म्होरक्याच्या मुठी मिटल्या की गप्प व्हायचं हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. ती शांतता गोसाकूच्या मते अर्धा मिनिट होती, माझ्या मते दहा सेकंद. यावर आमचं अजून जेवताना भांडण होतं. पण हामाझाकीच्या बाजूनं अशी शांतता कुणी ऐकलीच नव्हती. हाचियाचा हात अर्ध्यात थबकला. तोगावाचा फलंदाजसुद्धा मान वर करून बघायला लागला. आणि छपराखालचे जोडे हलले. सेन्सेई बाहेर आले, वर बघत म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही, सेन्सेई!" मी पुस्तक उघडून जाळीला दाबलं. "पाचवी जागा मियोशीची! ओनुमा आठवा! आठवा खेळला!"

सेन्सेईंनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, भूमितीच्या तासाला पाहायचे तसं. मग हात वर केला. "पंच! वेळ!"

पंच आला. सेन्सेई त्याच्याशी दोन वाक्यं बोलले. पंचानं खिशातून कागद काढला, उलगडला, चष्मा काढून पुन्हा घातला. तोगावाचे प्रशिक्षक बाहेर आले, कागदात डोकावले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. बदलताना पंचाला क्रम आपणच सांगितला होता, आणि मुलांना सांगताना आपणच उलटा सांगितला, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं असावं. भला माणूस. हुज्जत घातली नाही. टोपी काढून सेन्सेईंना वाकून नमस्कार केला.

पंच मधोमध जाऊन ओरडला. भोंगा नव्हता, म्हणून घशाच्या शिरा ताणून. "फलंदाज मियोशी बाद! दोन्ही धावा रद्द! तिसरा गडी! हामाझाकी, तीन–दोन!"

कुणी हललं नाही. आमच्या मुलांना कळलंच नाही की आपण जिंकलो. हाचिया चेंडू हातात घेऊन उभा, टाकू की नको या विचारात. डाव्या कोपऱ्यातला मुलगा ओरडून विचारतोय, "पुढे काय? पुढे काय?"

गोसाकू माझ्याकडे बघत होता. "फुसाए, बोल ना! काय झालं? तू रडतेस का?"

"वळा आता," मी म्हटलं. "संपलं. विजेते आहोत."

तो वळला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि त्यानं पाहिलं ते हेच, की नऊ मुलं मैदानात बावळटासारखी उभी आहेत आणि मध्ये एक म्हातारे सेन्सेई कमरेत वाकून हसताहेत, हसता हसता खाली बसताहेत. मग कुणीतरी पहिला ओरडला आणि जाळी तुटते की काय असं झालं. मुलांनी सेन्सेईंना उचलून हवेत फेकलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ते वरून ओरडत होते, "चष्मा! अरे, चष्मा धरा!" स्क्विडवाला गाडी सोडून आत आला. बायकांनी रिकामे डबे वाजवले. ढोल वाजवणाऱ्यानं टिपरी मोडली.

या सगळ्यात मी मात्र पुस्तकावर पेन्सिल धरून अडले होते. शेवटची चौकट भरायची राहिली होती, आणि ती भरायची कशी? चेंडू नाही, झेल नाही. नियमात असं आहे की असा गडी कॅचरनं बाद केला असं लिहायचं. मी लिहिलं: मियोशी, बाद, कॅचर इनाबा.

इतक्यात जाळीपाशी एक तोगावाचा मुलगा आला. लांब मानेचा, हातात अजून पाण्याचा पेला. बावीस नंबर.

"ताई," तो अगदी काकुळतीनं म्हणाला, "मी बाद झालो म्हणतात. मी तर बाकावर पाणी पीत होतो."

"हो," मी म्हटलं. "झालात."

"कुणी केलं?"

"आमच्या कॅचरनं. इनाबानं."

मियोशीनं वळून इनाबाला शोधलं. तो धिप्पाड इनाबा सेन्सेईंना खाली उतरवत होता. मी त्याला हाक मारून हे सांगितलं, तर तो मुखवटा डोक्यावर सरकवत जाळीपाशी आला.

"मी केलं?"

"तूच. इथे लिहिलंय."

"पण मी तर मांडी खाजवत होतो!"

मियोशी हसायला लागला. हरलेल्या संघानं तेव्हा हसायचं नसे. तो तोंडावर हात धरून हसत होता, पेल्यातलं पाणी सांडत होतं. मग दोघांनी रीतसर, कमरेत काटकोन करून, एकमेकांना वाकून नमस्कार केला.

"फार कौशल्यानं बाद केलंत," मियोशी म्हणाला.

"तुम्हीही फार झुंज दिलीत," इनाबा म्हणाला.