व्यंकटेशरावांच्या नावावरची जाहिरात

मधुमेहाने दत्तोपंतांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हा त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. ऐन तारुण्यात नागपूर सोडून ते इकडे तमिळ मुलखात, रेल्वेडब्यांच्या कारखान्यात लागले, आणि निवृत्तीनंतरही इथेच, अण्णा नगरात राहिले. पाय गेल्याची रडारड त्यांनी केली नाही. जखम भरल्यावर, मुलीच्या कामात खोळंबा नको म्हणून, नवा पाय त्यांनी आपला आपणच शोधला आणि अड्यारच्या एका चकचकीत केंद्रात जाऊन बसवूनही घेतला.

कौमुदीला, त्यांच्या मुलीला, ते कळल्यावर बरंच वाटलं. ते केंद्र तिच्याच कंपनीचं गिऱ्हाईक होतं. लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं नाव सर्वांत वर कसं दिसेल, हे पाहण्यात तिची सोळा वर्षं गेली होती. ती कामाला लागली तेव्हा वेबसाइटवर एकच शब्द पन्नास वेळा कोंबला की भागायचं. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला तरी चालायचा. मग सर्च इंजिनं शहाणी झाली. शोधाच्या शब्दांवर जाहिरातींची बोली लागू लागली, आणि पापणी लवायच्या आत कोणाची जाहिरात वर ते ठरू लागलं. पुढे नकाशे आले, फोनशी बोलून विचारणं आलं, आणि आता तर यंत्रच दहा ठिकाणचं वाचून चार ओळींत उत्तर देत होतं. प्रत्येक वळणावर कौमुदी नवं शिकली. बंद पडायला आलेली कितीतरी दुकानं तिने हात देऊन उभी केली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

महिनाभरात दत्तोपंत चालेनासे झाले. पायाचा उरलेला भाग ज्या वाटीसारख्या सॉकेटमध्ये बसतो, ते सॉकेट एका बाजूने टोचत होतं. दोनदा केंद्रात नेलं, दोन्ही वेळा ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवलं. मग कातडीच फुटली.

एका सकाळी ती पट्टी बदलत असताना ते म्हणाले, “हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी त्या व्यंकटेशरावांचं एवढं कौतुक केलं होतं. पण तिथे ते मला एकदाही दिसले नाहीत.”

“कोण व्यंकटेशराव?”

“गिंडीचे. आपल्यातलेच, तंजावरकडचे मराठी. चाळीस वर्षं पाय बनवतायत म्हणे. मी फोनवर त्यांचंच नाव टाकलं, आणि पहिलं जे आलं तिथे गेलो. काउंटरवर विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, इथे सगळे एक्स्पर्टच आहेत, सर.”

कौमुदीचा हात पट्टीवरच थांबला. ते नाव वर्षापूर्वी तिनेच केंद्राच्या जाहिरातीसाठीच्या शब्दांच्या यादीत घातलं होतं. व्यंकटेशरावांचं नाव कोणी शोधलं, की त्याच्या डोक्यावर अड्यारची जाहिरात दिसायची. नियमात बसत होतं, सगळेच करत होते. त्या नावावरून वर्षभरात तीनशे बारा जणांनी केंद्राची वेळ घेतली होती. हा आकडा तिने मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर दाखवला होता.

तिने तिथल्या तिथे वडिलांना सगळं सांगितलं.

“पाटी वेगळी होती, ते मला दिसलं होतं,” दत्तोपंत म्हणाले. “मीच नीट चौकशी करायला हवी होती.”

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत घेऊन गेली. लेथच्या कारखान्याला लागून व्यंकटेशरावांची शेड होती. आत प्लास्टरचा वास, भिंतीला टेकवलेले पाय. सत्तरीचा तो किडकिडीत माणूस दत्तोपंतांसमोर बुटक्या स्टुलावर बसला आणि पट्टी सोडवून उरलेल्या पायावरून अंगठा हळूहळू फिरवू लागला.

“माप आतां नको,” ते आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले. “जखम भरूं दे. सहा आठवडे. घाई केली कीं पुन्हा फुटेल.”

मग कौमुदीकडे वळून त्यांनी विचारलं, “इतके दिवस कोठें होतां, अम्मा?”

तिने सांगितलं. ती जाहिरात कशी चालते, ते नाव यादीत कोणी घातलं, काहीही झाकलं नाही. व्यंकटेशराव ऐकत पट्टी गुंडाळत राहिले.

“वर्षभर लोक येईनात,” ते म्हणाले. “मला वाटलें, माझा हात बिघडला.” पट्टीचं टोक खोचत त्यांनी विचारलं, “जे तिकडे गेले, त्यांचे पाय नीट बसले कां?”

किती जणांनी जाहिरात पाहिली, कितींनी वेळ घेतली, हे सगळं कौमुदीकडे होतं. त्यानंतर त्यांचं काय झालं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

त्याच दुपारी तिने ते नाव यादीतून काढलं. केंद्राच्या मॅनेजर शरण्या यांनी फोन करून कारण विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हे माझ्याकडून होणार नाही.” आठवड्यात केंद्राने काम दुसऱ्या कंपनीला दिलं, आणि व्यंकटेशरावांच्या नावावर पुन्हा तशीच जाहिरात झळकू लागली. कौमुदीच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. जवळपास ठरलेल्या बढतीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर ती दर शनिवारी गिंडीला जाऊ लागली. नकाशावर शेडचा पत्ता दोन गल्ल्या पलीकडे पडला होता, तो तिने सुधारला. व्यंकटेशरावांशेजारी बसून माणसं काय विचारतात ते उतरवून घेतलं: जिना चढता येईल का, देवळात पाय काढावा लागेल का, घामाने सॉकेट निसटतं त्याला काय करायचं. त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत तिने तमिळमध्ये आणि मराठीत शेडसाठी केलेल्या वेबसाइटवर घातली. ‘पाय टोचत असेल तर’ असं एक वेगळं पान केलं, तेव्हा शेवटी काय लिहू म्हणून विचारलं.

“लिहा, पाय कोठेंही केलेला असो, घेऊन या.”

हळूहळू माणसं येऊ लागली. कोणी नाव टाकून, बरेच जण नुसता प्रश्न विचारून. दत्तोपंतांचा पाय दोन महिन्यांनी बसला. पहिल्या दिवशी ते चालायच्या सरावासाठी लावलेल्या दांड्यांना धरून शेडच्या टोकापर्यंत गेले, तिथे उभे राहून दम घेतला, आणि मुलीने पुढे केलेला हात न धरता परत आले. खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

ते बसलेले असतानाच दारात एक बाई आली. कुबड्यांवर होती; तिच्या भावाच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीतून पायाचा पंजा बाहेर दिसत होता. कडलूरहून पहाटेच्या बसने निघाल्याचं तिने सांगितलं.

“फोनला विचारलं, पाय टोचतोय, काय करू. त्याने इथलं सांगितलं.” तिने पाय पिशवीतून काढला. “अड्यारला केला होता, गेल्या वर्षी. आठ महिने नुसता पडून आहे.”

व्यंकटेशरावांनी पाय हातात घेतला आणि सॉकेटची कड उजेडाकडे धरून पाहिली. कौमुदीने बाईसाठी खुर्ची ओढली, तिच्या कुबड्या भिंतीशी ठेवल्या आणि तिचं नाव विचारलं.