देवास गेटचं माहेर

इंदूरचं घर विकायचं ठरलं तेव्हा विनोदिनीने एकच अट घातली. नवं घर इतकं लहान हवं की त्यात पाहुण्याचं अंथरूण पसरता येऊ नये. मी ती गंमत समजलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती केव्हा गंमत करते आणि केव्हा करत नाही, हे मला आजही नीट कळत नाही.

तिचं म्हणणं रास्त होतं. आमचं इंदूरचं घर दुमजली होतं आणि मोठ्या इस्पितळापासून जवळ होतं. परीक्षेला आलेले भाचे, ऑपरेशनला आलेले काका, लग्नाच्या खरेदीला आलेल्या मावश्या, सगळे आमच्याकडेच उतरत. मी त्यांना स्टेशनवरून आणायचो आणि पोचवायचो. मधलं सगळं विनोदिनीकडे. ती शाळेत गणित शिकवायची. पोळ्यांची रास करून शाळेत जायची आणि घरी येऊन चपला काढता काढता विचारायची, रात्री जेवायला किती जण?

आता ती निवृत्त झाली होती, मीही बँकेतून सुटलो होतो. आमचा मुलगा श्रेयस बेंगळुरूला कायमचा राहिला. जिना दोघांच्याही गुडघ्यांना नकोसा झाला होता. उज्जैन मी सुचवलं. मी कागदावर सगळं मांडून दाखवलं: इंदूरचा डॉक्टर तासाभरावर, फ्रीगंजमध्ये मराठी वस्ती, भाजी टावर चौकात, वाचनालय चालत जाण्याजोगं. दोन खोल्यांचा फ्लॅट, तळमजला. विनोदिनीने हॉलमध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, बस, एवढंच पुरे. निघताना तिने माळ्यावरच्या सगळ्या गाद्या मुलींच्या एका वसतिगृहाला देऊन टाकल्या. टेम्पो गेला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. एवढं खूश मी तिला श्रेयस पहिला आला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

माझ्या कागदावर महाकाल नव्हता. हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मी खरंच त्याचा विचार केला नव्हता. मी लहानपणापासून दर्शनाला इंदूरहून जाऊन संध्याकाळी परत येत असे. तिथे कोणाला मुक्काम करावा लागतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. श्रेयस फोनवर हसत सुटला. "बाबा, पाहुण्यांपासून सुटायला तुम्ही उज्जैन निवडलंत?"

पहिला महिना शांत गेला. मग धुळ्याचे चुलतभाऊ आले. मग माझ्या जुन्या बँकेतले लोक. पहाटेच्या भस्म आरतीसाठी मध्यरात्रीच उठून निघावं लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्काम हवाच. इतकंच काय, इंदूरचे आमचे शेजारी, ज्यांचा आम्ही साश्रू नयनांनी निरोप घेतला होता, तेही पिशव्या घेऊन दारात उभे राहिले. विनोदिनी पुन्हा कणीक मळू लागली. मध्यरात्री न्हाणीघरात बादल्या वाजायच्या आणि ती डोळे उघडे ठेवून पडलेली असायची.

माझ्या तोंडाला एक सवय आहे. फोनवर कोणी "येऊ का?" म्हणालं की ते "या, या" म्हणतं. मी मध्ये पडेपर्यंत म्हणून झालेलं असतं.

श्रावण तोंडावर आला आणि ग्वाल्हेरहून मीनाताईचा फोन आला. मीनाताई माझी मोठी बहीण. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. महाकालाच्या पालखीची सोमवारची सवारी बघायची खूप इच्छा आहे म्हणाली. तिच्या दोन जावा आणि मुलगी कल्पना बरोबर असतील. शनिवारी येऊ, मंगळवारी निघू. मी म्हणालो, या, या.

विनोदिनी समोर तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, मी घर लहान मागितलं होतं. तुम्ही ते लहान घेतलंत, पण दार तेवढंच मोठं ठेवलंत."

मी म्हणालो, मीनाताईला कसं नाही म्हणणार?

"नका म्हणू. मी श्रेयसकडे जाते. श्रावण संपला की बघू परत यायचं का."

ती रागाने बोलली असती तर मी घाबरलो नसतो. तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि संध्याकाळी श्रेयसला तिकिटांबद्दल विचारलंही. आमच्या वयात एकदा वेगळं राहायची सवय लागली की ती मोडत नाही. माझ्या ओळखीत अशी दोन घरं आहेत.

मी मीनाताईला तीनदा फोन केला. पहिल्यांदा मी गाडीचा डबा विचारला. दुसऱ्यांदा छत्र्या आणायला सांगितलं. तिसऱ्यांदा फोन कल्पनाने घेतला आणि मामा, तुमच्यासाठी बेसनाचे लाडू केले आहेत, असं म्हणाली, त्यावर मी थँक्यू म्हणून ठेवून दिला. मग छत्री घेऊन देवास गेटला गेलो.

तिथे बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक बरंसं लॉज आहे. श्रावणातल्या सोमवारी खोली मिळणं कठीण, पण कोणाचं तरी बुकिंग नुकतंच रद्द झालं होतं आणि शेजारशेजारच्या दोन खोल्या मोकळ्या होत्या. मॅनेजरने विचारलं, कौन ठहरेगा? मी म्हणालो, मेरी दीदी. आपका घर कहाँ है? मी खरं ते सांगितलं, यहीं, फ्रीगंज में. त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग भला माणूस असल्यामुळे म्हणाला, घर में पुताई चल रही होगी. रंगकामाची ही सबब मला फुकट मिळत होती. "नहीं," मी म्हणालो, "पुताई नहीं चल रही."

विनोदिनीला मी खोल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मीनाताईंना?"

"स्टेशनवर सांगतो."

"बघू," ती म्हणाली. तिकिटाचं ती काही बोलली नाही.

शनिवारी गाडी दुपारी आली. मीनाताई उतरली, तिने माझ्या गालाला हात लावला आणि वाळलास म्हणाली. जावांनी नमस्कार केला. बाहेर येताच रिक्षावाल्यांनी घेरलं आणि मीनाताई रुबाबात म्हणाली, "टावर चौक चलोगे?" रिक्षावाला बॅग उचलू लागला.

"ताई, थांब," मी म्हणालो. "घरी नाही जायचं. इथे जवळच लॉजवर तुमच्यासाठी खोल्या घेतल्या आहेत."

मीनाताई हसली. "का रे? विनोदिनीला बरं नाही?"

ही दुसरी सबब. लोक किती पटकन सबबी देतात. "ती बरी आहे. थकली आहे ती. आयुष्यभर तिने आल्यागेल्याचं केलं. आता घर लहान घेतलं ते तिला आराम मिळावा म्हणून. तो अजून मिळाला नाही."

जावा दुसरीकडे बघू लागल्या. कल्पनाने मोबाईल काढला. मीनाताईने रिक्षावाल्याच्या हातातून स्वतःची बॅग परत घेतली.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे माझं माहेर आता लॉजवर."

खोलीत पोचल्यावर तिने बाथरूमचा नळ उघडून पाहिला, बंद केला, आणि म्हणाली, तू जा आता, ऊन आहे. बाहेर ढग होते.

घरी येऊन मी विनोदिनीला सगळं सांगितलं. माहेरचं वाक्यही सांगितलं. ते सांगायला नको होतं की काय, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार करत होतो. ती ऐकून घेऊन आत गेली आणि दुपारची झोपली. पार दिवेलागणीपर्यंत झोपली. मी दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

रविवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. "चला, मीनाताईंकडे."

मी म्हणालो, बरोबर काही नेऊ या, कचोरी नाही तर फळं.

"काही नाही. रिकाम्या हाताने जायचंय मला."

ती आयुष्यात कोणाकडे रिकाम्या हाताने गेली नव्हती. रिक्षात तिने ते हात मांडीवर एकमेकांत अडकवून घट्ट धरले होते.

लॉजच्या खोलीत जावा आणि कल्पना रामघाटावर जायच्या तयारीत होत्या. मीनाताई पाय दुखतात म्हणून थांबणार होती. तिने विनोदिनीला पाहिलं आणि पलंगावरचे टॉवेल उचलले, एवढंच.

"आलीस?" ती म्हणाली. "आम्ही जेवलो हो काल. व्यवस्थित. बाजूच्या भोजनालयात. तुला त्रास नाही झाला ना?"

"नाही झाला," विनोदिनी म्हणाली. "मी काल दुपारी झोपले, मीनाताई. संध्याकाळपर्यंत."

मीनाताई टॉवेलांच्या घड्या घालू लागली.

विनोदिनी खुर्चीत बसली. "तुमच्याकडे मी शेवटची केव्हा आले होते?"

"कल्पनाच्या लग्नात."

"तेव्हा मी काय करत होते?"

मीनाताईने आठवलं. तिने कल्पनाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "पुऱ्या तळत होतीस," ती म्हणाली. "आचारी उशिरा आला होता."

"हळदीलाही तळल्या, सीमांतपूजनालाही. कल्पनाला बोहल्यावर पाहिलंच नाही मी. फोटोत पाहिलं."

कल्पना म्हणाली, मामी, मला हे माहीतच नव्हतं. थोरली जाऊ म्हणाली, अहो, त्या पुऱ्या फार छान झाल्या होत्या. मग आपण काय बोललो ते कळून गप्प झाली. विनोदिनीला हसू आलं. मीनाताईला आलं नाही, पण ती उठली. लॉजची विजेची किटली होती, तीत पाणी घातलं आणि कल्पनाला आल्यासाठी पिटाळलं. विनोदिनी सवयीने कप धुवायला उठली.

"बस," मीनाताई म्हणाली. "इथे पलंगावर बस. पाय वर घे. उशी घे पाठीला. माझ्या खोलीत माझं चालेल."

चहा जरा पातळच झाला होता. विनोदिनीने तो दोन कप प्यायला आणि लाडू खाल्ला. घाटावर जाणारी मंडळी निघून गेली. दोघी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलू लागल्या. मी दाराजवळ स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. थोड्या वेळाने एकच आवाज येतो आहे असं वाटलं, म्हणून वळून पाहिलं. विनोदिनी उशीवर कलंडून झोपली होती, तोंड किंचित उघडं. मला लाज वाटली आणि मी तिला उठवायला पुढे झालो.

मीनाताईने हाताने मला अडवलं. विनोदिनीच्या पायांवर स्वतःची शाल घातली आणि मला दाराबाहेर घेऊन आली.

"मी अजून रागावलेली आहे, गोपाळ," ती म्हणाली. "ती झोपली आहे म्हणून हळू बोलतेय."

मग आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.